तानपुरा, खंजिरी आणि एक व्होल्ट
‘हेडफोन ॲम्प्लिफायर आणि आपलं संगीत’ या पुस्तकाची प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यात ॲम्प्लिफायर म्हटलं की मंडपाच्या कोपऱ्यात भोंग्यांना जोडून ठेवलेला जड डबा आठवतो. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा असो, घोराडची यात्रा असो की गावोगावची सामुदायिक प्रार्थना असो, त्या डब्याचं काम एकच : एका गळ्यातला आवाज हजार कानांपर्यंत नेणं. हे पुस्तक ज्या ॲम्प्लिफायरबद्दल आहे तो तळहातावर मावतो आणि त्याला फक्त दोन कानांचं पाहायचं असतं. काम सोपं वाटतं, पण आहे उलट. मंडपातल्या डब्याची खरखर माणसांच्या गर्दीत आणि मोकळ्या हवेत विरून जाते. कानापासून बोटभर अंतरावर वाजणाऱ्या हेडफोनमध्ये ती विरायला जागाच नसते.

हेडफोन ॲम्प्लिफायरवर जगभर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यातली परीक्षा मात्र बहुतेक वेळा पियानोवर, जॅझवर, सिंफनीवर नाहीतर रॉकवर घेतलेली असते. आपल्या गाण्याचे प्रश्न निराळे आहेत. आपल्याकडे गाणं सुरू होण्याआधीपासून गाणं संपेपर्यंत एक क्षणही न थांबणारा तानपुरा असतो. डग्ग्यावरची घसीट असते, तिच्यात सूर खालून वर सरकत जातो. भजनात टाळ असतात, आणि आमच्या भागात खंजिरी. वीस-पंचवीस मिनिटांच्या आलापीत आवाज कुजबुजीपासून पूर्ण गळ्यापर्यंत चढतो. अशा संगीताला ॲम्प्लिफायरकडून नेमकं काय हवं असतं, हे मराठीत नीट मांडलेलं असावं, म्हणून हे पुस्तक.

त्यातलं मुख्य म्हणणं इथेच सांगून ठेवतो. चांगल्या ॲम्प्लिफायरला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतो. ‘हा उबदार वाजतो’, ‘तो कोरडा वाजतो’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या वर्णनामागे बहुधा तीनपैकी एक कारण असतं : हेडफोनला पुरेसा दाब मिळत नाही, ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अडथळा हेडफोनशी जुळत नाही, किंवा दोन ॲम्प्लिफायर ऐकताना आवाजाची पातळी सारखी ठेवलेली नाही. आणि हा फरक ऐकू येतो की नाही, हे शेवटी आपण कोणतं संगीत लावलं आहे यावर ठरतं. म्हणून ‘कोणता ॲम्प्लिफायर चांगला?’ या प्रश्नाला मी ‘कोणत्या हेडफोनवर आणि काय ऐकायला?’ असं विचारल्याशिवाय उत्तर देत नाही.

सेवाग्रामच्या आश्रमात जुना टेलिफोन जपून ठेवलेला आहे. हेडफोनचं मूळ त्याच घराण्यातलं. टेलिफोनचा कानाला लावायचा भाग डोक्यावरच्या पट्टीला बसवला की हेडफोन झाला. अमेरिकेत नेथनियल बाल्डविन यांनी १९१० साली तिथल्या नौदलाला दिलेले हेडफोन तारायंत्राचे संदेश ऐकण्यासाठी होते, गाण्यासाठी नव्हते. पुढे १९३७ साली जर्मनीत बायरडायनॅमिकचा डीटी ४८ आला, १९५८ साली कॉस कंपनीने घरी स्टिरिओ गाणं ऐकण्यासाठी हेडफोन काढला, आणि १९७९ साली सोनीच्या वॉकमनने गाणं खिशात आणलं. या प्रवासात हेडफोनची दोन कुळं झाली. स्टुडिओ आणि रेडिओ केंद्रांमधल्या हेडफोनच्या कॉइलला बारीक तारेचे पुष्कळ वेढे असायचे, त्यांचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३००, कधी ६०० ओहम. खिशातल्या यंत्रांसाठी बनलेले हेडफोन १६ ते ३२ ओहमचे, कारण दोन-तीन पेन्सिल सेलमधून फार व्होल्ट मिळत नाहीत. बायरडायनॅमिकचा डीटी ८८० तर ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन रूपांत विकला गेला. दिसायला तिन्ही सारखे, पण ॲम्प्लिफायरकडे मागणी तिघांची वेगळी.

ही मागणी समजायला शेतातल्या विहिरीवरचा पंप डोळ्यांसमोर आणावा. काही विहिरी खोल असतात, तिथे पाणी वर चढवायला दाब लागतो. काही ठिकाणी पाणी हाताशी असतं पण धार जाड हवी असते. ३०० ओहमचा हेडफोन म्हणजे खोल विहीर : त्याला व्होल्ट हवेत, प्रवाह नाममात्र. कमी ओहमचा, विशेषतः सपाट पडद्याचा प्लेनर हेडफोन म्हणजे जाड धार : त्याला प्रवाह हवा. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या. १९९७ साली आलेला, ३०० ओहमचा, आणि कंपनीच्या आकड्यानुसार १ व्होल्टला ९७ डेसिबल वाजणारा. फोनला लावायच्या छोट्या डोंगलमधून साधारण १ व्होल्ट मिळतो. त्या १ व्होल्टला या हेडफोनमधून जेमतेम ३.३ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, फोनला तो सहज देता येतो. दुसऱ्या टोकाला हायफायमॅनचा एचई-६ हा प्लेनर आहे : ५० ओहम आणि १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. त्याला ११० डेसिबलच्या शिखरापर्यंत न्यायचं तर सुमारे ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर हवेत. तिथे फोन थकतो आणि वेगळा ॲम्प्लिफायर ही चैन राहत नाही, गरज होते.

आता याच गणितात संगीत घालू. आजकालचं सिनेमातलं गाणं अशा पद्धतीने तयार केलेलं असतं की त्याची सरासरी पातळी कमाल मर्यादेच्या दहा-बारा डेसिबलच खाली असते. एचडी ६०० वर १ व्होल्टच्या डोंगलने ते ८५ ते ८७ डेसिबल सरासरीने वाजेल. हे इतकं मोठं आहे की आवाज कमीच करावा लागेल. त्याच जोडीवर जुन्या मैफलीतला ख्याल लावा. बऱ्याच जुन्या ध्वनिमुद्रणांत आलापीची सरासरी कमाल मर्यादेच्या तीस डेसिबल खाली असते, म्हणजे कानाशी पोचतात ६७ डेसिबल, साध्या बोलण्याइतके. रात्री शांत खोलीत तेवढं पुरतं. थोडं जास्त हवं असेल तर डोंगल संपलेला असतो. ४ व्होल्ट देणारा ॲम्प्लिफायर लावला तर १२ डेसिबलची जागा मिळते. ‘शास्त्रीय संगीताला चांगला ॲम्प्लिफायर लागतो’ या समजुतीत एवढंच तथ्य आहे. रागसंगीत उच्च आणि सिनेसंगीत सामान्य असा त्याचा अर्थ नाही. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणाने कुजबुजीसाठी खाली जागा ठेवलेली असते, आणि ती कुजबुज आपल्याला ऐकायची असेल तर आवाज वर न्यावा लागतो.

दुसरा मुद्दा ॲम्प्लिफायरच्या आउटपुट इम्पिडन्सचा, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. ॲम्प्लिफायरच्या आतून बाहेर येताना विजेला थोडा अडथळा असतो. तो हेडफोनच्या इम्पिडन्सशी विभागणी करतो : जितका अडथळा मोठा, तितका व्होल्टचा वाटा ॲम्प्लिफायर स्वतःकडे ठेवतो. हेडफोनचा इम्पिडन्स सर्व सुरांना सारखा असता तर नुसता आवाज कमी झाला असता, रंग बदलला नसता. पण पडदा कॉइलने हलवणाऱ्या साध्या हेडफोनमध्ये तो एका ठिकाणी उंच उठतो. एचडी ६०० चा नाममात्र ३०० ओहमचा इम्पिडन्स १०० हर्ट्झच्या आसपास ५०० च्या जवळ जातो. आता हा हेडफोन १२० ओहम आउटपुट असलेल्या ॲम्प्लिफायरला लावा. जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरच्या हेडफोन खाचेत असा मोठा रोध सर्रास असायचा आणि एका आंतरराष्ट्रीय मानकातही हाच आकडा होता. हिशेब केला तर बाकीचे सूर २.९ डेसिबलने उतरतात आणि १०० हर्ट्झजवळचे १.९ ने. म्हणजे तिथे साधारण १ डेसिबलचा फुगवटा येतो.

१ डेसिबल ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण १०० हर्ट्झच्या आजूबाजूला काय आहे ते पाहा. डग्ग्याचा मूळ नाद याच परिसरात आहे. मनगटाने दाबत नेलेली घसीट याच भागातून वर सरकते. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झचा. म्हणजे हा लहानसा फुगवटा तबलजीच्या डाव्या हाताला आणि तानपुऱ्याच्या पहिल्या तारेला नेमका उचलून धरतो. घसीट गोल, भरीव वाटते, तानपुरा अंगावर येतो, आणि ऐकणारा म्हणतो की ॲम्प्लिफायर उबदार आहे. तोच ॲम्प्लिफायर प्लेनर हेडफोनला लावला तर ऊब नाहीशी होते, कारण प्लेनरचा इम्पिडन्स सपाट असतो. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या गळ्याला तर या फुगवट्याचा स्पर्शच होत नाही, तिचा मध्य षड्ज २३३ हर्ट्झवर असतो. एकाच ॲम्प्लिफायरबद्दल दोन जाणकारांची मतं जुळत नाहीत तेव्हा अनेकदा दोघेही खरं बोलत असतात. हेडफोन वेगळा असतो किंवा पट्टी वेगळी असते.

कानात घालायच्या बारीक इअरफोनमध्ये हीच गोष्ट उलट दिशेने आणि फार जोरात घडते. त्यांतल्या काहींमध्ये चार-पाच सूक्ष्म ड्रायव्हर असतात आणि इम्पिडन्स वरच्या सुरांना झपाट्याने घसरतो. समजा खालच्या सुरांना तो ४० ओहम आणि वरच्यांना ५ ओहम आहे. १ ओहम आउटपुटच्या ॲम्प्लिफायरवर खालच्या-वरच्या सुरांत १.४ डेसिबलचा फरक पडेल, १० ओहमच्या ॲम्प्लिफायरवर साडेसात डेसिबलहून जास्त. इतक्या फरकाने टाळ विझतात, घुंगरू विझतात, तानपुऱ्याची जवारी निघून जाते. आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाहून जास्त नसावा, असा नियम या क्षेत्रात सांगतात. इअरफोनसाठी मी याहून कडक आहे : १ ओहमच्या वर जाऊ नये.

आता व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरकडे येऊ. काचेच्या नळीतला तांबूस प्रकाश पाहून माणूस आधीच अर्धा जिंकला जातो, हे मान्य. तरी व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर तानपुरा खरोखर काही वेगळा वाजतो का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधताना आपल्या संगीताची घडणच समोर येते, म्हणून पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण मी त्याला दिलं आहे.

मिरजेच्या कारागिरांनी बांधलेला तानपुरा (त्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं) हे उपस्वरांचं वाद्य आहे. घोडीची रुंद, किंचित वक्र पाठ आणि तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा यांमुळे एका तारेतून मूळ सुरासह त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूर झळाळत बाहेर पडतात. दुप्पट म्हणजे वरचा षड्ज, तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम, पाचपट म्हणजे गंधार. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो असा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांच्या घोडीवर लिहिलं, आणि त्याआधी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह दाखवलं की शाई लावलेल्या पुडीचे उपस्वरही असेच पूर्ण पटीत येतात. एरवी कोणत्याही साध्या ढोलाच्या कातड्यातून ते तसे येत नाहीत. हेच रामन १९१० च्या सुमारास काही काळ नागपूरला हिशेब खात्यात अधिकारी होते. आपला तबला सुरात लावता येतो याचं कारण त्या शाईत आहे, आणि ते त्यांनी भौतिकीच्या भाषेत सांगितलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

ॲम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन, म्हणजे मुळात नसलेली त्याने घातलेली भर, हेही असंच पटींत येतं. व्हॉल्व्हचे अनेक साधे ॲम्प्लिफायर मुख्यतः दुप्पट कंपनाचा सूर मिसळतात, म्हणजे षड्जाला तार षड्ज. पण गाण्यात एक सूर एकटा कधी नसतो. दोन सूर एकत्र आले की असा ॲम्प्लिफायर त्यांची वजाबाकी आणि बेरीजही तयार करतो. तानपुऱ्याच्या तारांचं नातं पाहा : मंद्र पंचम ३, जोडीचा षड्ज ४, खर्ज २. पंचम आणि जोड यांची वजाबाकी १, म्हणजे खर्जाच्याही खालचा षड्ज. जोड आणि खर्ज यांची वजाबाकी २, म्हणजे खुद्द खर्ज. डिस्टॉर्शनने जन्माला घातलेले हे सूर तानपुऱ्याच्या स्वतःच्या मालिकेत जाऊन बसतात. बेरजेचा एक सूर, ३ आणि ४ यांचा ७, कोमल निषादापेक्षाही किंचित उतरलेल्या जागी पडतो. पण तिथेही तानपुऱ्याचा स्वतःचा सातवा उपस्वर आधीच असतो.

हार्मोनियमवर हेच घडत नाही. तिच्या सुरांची वाटणी समान अंतराची आहे, शुद्ध गंधार थोडा चढा लागतो. काळी एकच्या षड्जाशी त्या गंधाराची वजाबाकी केली तर येणारा सूर नेमक्या षड्जापेक्षा काळी-पांढरीतल्या अंतराच्या जवळजवळ दोन तृतीयांश इतका चढा निघतो. चाळीस व्हायोलिन, ब्रास आणि कोरस असलेल्या सिनेमाच्या वाद्यवृंदात तर अशा वजाबाक्या-बेरजांचा चिखल होतो. म्हणून माझं मत असं : एक गळा, एक तानपुरा आणि तबला अशा मैफलीला व्हॉल्व्ह मानवतो, मोठ्या वाद्यवृंदाला मानवत नाही. त्याचं कारण जुन्या काळच्या ओढीत शोधायला नको. ते षड्ज-पंचमाच्या साध्या प्रमाणात सापडतं.

यावर एक मर्यादा घालायलाच हवी. १ टक्का डिस्टॉर्शन म्हणजे मूळ सुराच्या ४० डेसिबल खाली, ०.१ टक्का म्हणजे ६० डेसिबल खाली. तानपुरा स्वतःच उपस्वरांनी इतका भरलेला असतो की ०.१ टक्क्याची भर त्याच्या आड झाकली जाते. शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स सहज काही दशक ओहम असतो. तेव्हा व्हॉल्व्हची म्हणून जी गोडी सांगितली जाते, तिच्यातला मोठा वाटा वर सांगितलेल्या १०० हर्ट्झच्या फुगवट्याचा असतो, लहान वाटा या जुळणाऱ्या उपस्वरांचा. कोणाला ही गोडी हवी असेल तर त्याने ती जाणून घ्यावी आणि आनंदाने घ्यावी. फक्त तिला ‘मूळ मैफल जशी होती तशी’ म्हणू नये.

खंजिरीचा प्रश्न अगदी वेगळा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) खंजिरी भजन विदर्भाच्या घराघरांत नेलं. १९३६ साली ते सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिले, आणि आजही वर्धा, अमरावती, नागपूरच्या गावांत संध्याकाळी खंजिरी निघते. या वाद्याला टिकणारा नाद जवळजवळ नाही. कातड्यावर बोट पडतं आणि त्याच क्षणी चकत्या झणझणतात, सगळं काही मिलिसेकंदांत संपतं. अशा आघाताचं शिखर सरासरीपेक्षा पंधरा-वीस डेसिबल वर जाऊ शकतं. ॲम्प्लिफायरकडे तेवढे व्होल्ट नसतील तर शिखराचा माथा कापला जातो. गाण्याच्या लांब सुरात कापलेला माथा फाटल्यासारखा लगेच ओळखू येतो. खंजिरीत तो फाटका वाटत नाही, कारण झणझणाट आधीच खरखरीत असतो. फक्त आघात बोथट होतो, बोट आणि कातडं यांमधलं अंतर हरवतं. भजनाची नशा कमी झाल्यासारखी वाटते आणि दोष ध्वनिमुद्रणाला जातो. लावणीतली ढोलकी, खडी गंमतीतली ढोलकी-टाळांची जुगलबंदी, वारीतले टाळ, सर्वांना हेच लागू आहे. या संगीताला रंगापेक्षा राखीव व्होल्ट जास्त हवेत, आणि तिथे मी व्हॉल्व्हऐवजी साध्या, स्वच्छ, ताकदवान सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) ॲम्प्लिफायरची शिफारस करतो.

बोलण्याला मात्र यातलं फारसं काही लागत नाही. गीताईचं पठण, कीर्तन, प्रवचन फोनच्या साध्या खाचेतूनही नीट पोचतं, आणि त्यासाठी कोणी पैसे खर्च करू नयेत.

शांततेचाही हिशेब आहे. नाजूक इअरफोन १ मिलिवॅटला ११० डेसिबल वाजणारा आणि १६ ओहमचा असेल, तर १ व्होल्टला तो १२८ डेसिबलपर्यंत जाईल. म्हणजे ॲम्प्लिफायरची अवघी १० मायक्रोव्होल्टची खरखरसुद्धा कानाशी २८ डेसिबल होते, आणि बडा ख्याल सुरू होण्याआधीच्या शांततेत ती ऐकू येते. एचडी ६०० वर तीच खरखर ऐकण्याच्या उंबरठ्याखाली राहते. एकीकडे ताकद हवी म्हणून घेतलेला ॲम्प्लिफायर दुसरीकडे खरखर घेऊन येतो. इअरफोनवाल्याने ताकदीच्या मागे लागू नये, एवढंच.

आमच्या भागातल्या वाचकासाठी उन्हाळ्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे, आणि ते कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. एप्रिलपासून मृग लागेपर्यंत वर्ध्याचा पारा चढत जाऊन कित्येकदा ४५ च्या आसपास पोचतो आणि घरोघरी कूलर पूर्ण वेगाने चालतो. कूलरचा आवाज खोलीत ६० डेसिबलच्या जवळ जाऊ शकतो. वर हिशेब केलेल्या ६७ डेसिबलच्या आलापीतली कुजबुज त्यात बुडते. उघड्या पाठीचा हेडफोन अशा वेळी कितीही उत्तम असला तरी निरुपयोगी. मग माणूस आवाज वाढवत जातो, आणि तिथे कानाला धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. मे महिन्यात बंद पाठीचा हेडफोन घ्यावा, किंवा पहाटे कूलर बंद करून ऐकावं. तोडीची वेळही तशी सकाळचीच.

उष्णतेचा दुसरा परिणाम यंत्रावर होतो. क्लास ए पद्धतीचा ॲम्प्लिफायर गाणं वाजो न वाजो सारखाच तापतो, व्हॉल्व्हचा तर तापतोच. त्यांतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. थंड देशात वर्षानुवर्षं टिकणारं यंत्र इथे बंद कपाटात ठेवलं तर फार लवकर घूं-घूं करू लागतं. ती घूं विजेच्या ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते, खर्जाच्या अगदी जवळची, म्हणून आपल्या संगीतात जास्त खुपते. अर्थिंगचंही तसंच. कापसाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि जमिनीचा रोध वाढतो. मीठ-कोळशाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला हवं, हे जुन्या वायरमनला माहीत असतं. हजारो रुपयांची केबल घेण्याआधी तो खड्डा पाहावा. बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर ही भानगडच टाळतो आणि वीज गेली तरी चालतो. आमच्याकडे हे दोन्ही गुण मोलाचे आहेत.

ॲम्प्लिफायर काय करू शकत नाही, हेही सांगायला हवं. १९२५ पूर्वीच्या तबकड्या भोंग्यात गाऊन, विजेशिवाय मुद्रित केलेल्या आहेत. त्यांच्यात तानपुऱ्याचा खर्ज नाही आणि टाळाची झणझण नाही, कारण ही दोन्ही मुद्रणाच्या मेणावर उतरलीच नाहीत. कोणताही ॲम्प्लिफायर ती परत आणणार नाही. तिथे फक्त गळा आहे, आणि तोही मधल्या सुरांपुरता. पण तेवढ्यात, आणि नंतर विजेवर मुद्रित झालेल्या जुन्या तबकड्यांतही, काय मावतं ते पाहावं. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गाणं शिकलं आहे. केसरबाई केरकरांचं एक ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलं. या तबकड्यांना स्वच्छ, कमी खरखरीचा, रंग न भरणारा ॲम्प्लिफायर हवा. त्यांच्यावर ऊब चढवायला गेलं की तबकडीची घरघर आधी गरम होते. आकाशवाणीच्या मैफली, उदाहरणार्थ १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर केंद्रासारख्या ठिकाणांहून घरी टेपवर उतरवलेल्या, अशाच जपून ऐकायच्या असतात. त्यांच्यासाठी मी महागडं यंत्र कोणालाही सुचवत नाही, चांगला हेडफोन सुचवतो. पैसे आधी हेडफोनवर खर्चावेत. दोन हेडफोनमधला फरक दहा डेसिबलचा असू शकतो, दोन नीट बनवलेल्या ॲम्प्लिफायरमधला बहुधा एका डेसिबलच्या आतला.

पुस्तकातली प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचावीत, मात्र एक प्रयोग आधी करावा. एक साधा मल्टिमीटर, दोन ॲम्प्लिफायर (एक फोनचा डोंगल असला तरी चालेल) आणि एक हेडफोन लागेल. ४०० हर्ट्झचा एकच सूर वाजवावा, हेडफोन जोडलेला असतानाच मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजावं, आणि दोन्ही ॲम्प्लिफायरचा आवाज असा लावावा की आकडा सारखा येईल, दोन टक्क्यांच्या आत. दोन टक्के म्हणजे ०.१७ डेसिबल. याहून जास्त फरक राहिला तर जो किंचित मोठा तोच कानाला चांगला वाटतो, आणि त्याला आपण खोली, स्पष्टता, जिवंतपणा अशी नावं देऊन बसतो. मग घरातल्या कोणाला तरी पाठीमागे बसवून तारा बदलायला सांगावं, कोणता ॲम्प्लिफायर चालू आहे हे न सांगता. आधी नुसता तानपुरा लावावा, नंतर डग्ग्याची घसीट असलेला विलंबित ठेका, मग खंजिरीचं भजन, आणि शेवटी आवडीचं सिनेमातलं गाणं. प्रत्येक वेळी जे ऐकू आलं ते कागदावर लिहावं, आणि कागद जवळ ठेवून पहिलं प्रकरण उघडावं.